रवा म्हणजे राजा

दिवाळीच्या सुट्टीत आमची लेक पुण्याहून नशिराबादला घरी आली. बॅगेतून दोन गोष्टी निघाल्या. एक बाकरवडीचा पुडा आणि दुसरी फ्रेंचच्या पहिल्या चाचणीची उत्तरपत्रिका. पुडा दारातच हातात आला. उत्तरपत्रिका मात्र मगरिबची नमाज होऊन चहा झाल्यावर, दोन वेळा विचारल्यानंतर बाहेर आली. वीसपैकी सहा गुण!

या सहा गुणांमागे घरातली एक जुनी कुरबुर होती, ती आधी सांगायला हवी. आम्ही दोघे मियाँ-बीवी शिक्षक. एक जण इतिहास शिकवतो, दुसरी मराठी. लेक दहावीपर्यंत इथेच मराठी माध्यमात शिकली आणि अकरावीला मामूंकडे पुण्याला गेली. कॉलेजात दुसरी भाषा निवडायची होती. मराठी होती, उर्दू घेता येत होती, पण विज्ञान शाखेच्या मैत्रिणींनी सांगितले की फ्रेंचमध्ये गुण भरपूर पडतात. तिने फ्रेंच घेतली आणि आम्ही सही केली.

दादी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्याही नाहीत. आमच्या घरात उर्दू सफाईने वाचणाऱ्या त्या एकट्याच उरल्या आहेत. दादाजींच्या हातच्या हिशेबाच्या वह्या त्यांच्या पेटीत आहेत, साऱ्या उर्दूत लिहिलेल्या. आम्ही दोघे मराठी शाळेत शिकलेलो. आम्हाला छापील उर्दू अडखळत वाचता येते, हाताने लिहिलेली नाही. दादींची आस एवढीच होती की नातीने तरी ती वाचावी. आता नातीने उर्दू सोडून फ्रेंच धरली आणि त्यातही सहा गुण आणले.

"काय विचारले होते पेपरात?" आम्ही विचारले.

"राजा-राणीचे शब्द," ती म्हणाली. वर्गात सिंड्रेलाची गोष्ट चालू होती. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ती १६९७ साली आपल्या संग्रहात छापली. गोष्टीत राजपुत्र आहे, राजवाडा आहे, मेजवानी आहे. त्यामुळे राजघराण्याचे तीसेक शब्द पाठ करायला दिले होते. तिने सारी रात्र घोकले आणि सकाळी सारे विसरले. वर तोंडी परीक्षेत 'राजा'चा उच्चार केला तेव्हा वर्ग हसला.

"राजाला काय म्हणतात?" दादींनी पहिल्यांदाच तोंड उघडले.

"रवा."

दादी हसल्या. "म्हणजे राणी शेवया असेल!"

पाच महिन्यांनी त्या घरात पुन्हा हसू आले.

दादींचा गैन

हसणे झाल्यावर लेकीने सांगितले की तो आपला रवा नव्हे. 'र' आणि 'वा' एका दमात म्हणायचे आणि र जिभेच्या शेंड्याने नाही, घशातून काढायचा. तिथेच सगळे अडत होते. मराठी र जिभेला इतका सवयीचा की घशातून काही निघेना.

दादींनी तिला पुन्हा म्हणायला सांगितले, पुन्हा ऐकले. मग म्हणाल्या, "हा तर गैन आहे. मकतबमध्ये उस्तानीजींनी तुला शिकवलेला गैन. 'गरीब' म्हणताना, 'बाग' म्हणताना जो घशातून येतो तो."

दोन्ही अक्षरे हुबेहूब एक नाहीत, पण त्यांचा मुक्काम जवळपास एकच. कायदा-सिपारा शिकताना प्रत्येक अक्षराचा मखरज, म्हणजे ते तोंडातून वा घशातून नेमके कुठून निघते ते शिकवतात. गैन आणि खे घशाच्या वरच्या टोकाकडून निघतात, आणि फ्रेंच रदेखील तिथूनच. त किंवा प यांच्या शेजारी आला की तो थोडा खेकडे झुकतो. म्हणून सिंहासनाला लिहितात 'त्रोन', पण कानावर र आणि ख यांच्या मधले काहीतरी पडते.

दुसरी अडचण नाकातल्या स्वरांची. राजपुत्राला 'प्रँस' म्हणताना न पूर्ण उच्चारायचा नाही, नाकात सोडून द्यायचा. हा आपला नून-गुन्ना! 'माँ', 'जहाँ' म्हणणाऱ्या मुलीला हे वेगळे शिकवावे लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. एक स्वर मात्र आपल्याकडे कुठेच नाही. सरदार-राजाला 'द्यूक' म्हणतात, त्यातला 'ऊ'. ओठ 'ऊ'साठी गोल करायचे आणि आतून 'ई' म्हणायचे. तो आम्ही तिघांनीही आरशासमोर उभे राहून म्हणून पाहिला.

त्या रात्री आमच्या लक्षात आले की मुलीची जीभ कमी पडत नव्हती. घरात जे होते ते परीक्षेत चालत नाही असे समजून ती पुण्याला जाताना मागे ठेवून गेली होती.

चार रकान्यांची वही

दुसऱ्या दिवशी जळगावहून शंभर पानी वही आणली आणि चार रकाने आखले: फ्रेंच, मराठी, उर्दू, इंग्रजी. उर्दूचा रकाना उर्दू लिपीतच लिहायचा आणि तो दादींकडून तपासून घ्यायचा, एवढी एकच अट घातली.

पहिलीच ओळ लिहिली आणि गंमत उघडी झाली. फ्रेंच 'रवा' हा शब्द लॅटिनमधल्या 'रेक्स' या शब्दापासून आला. भाषेचे अभ्यासक सांगतात की 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' एकाच मुळातून निघालेले. म्हणजे रवा आणि राजा हे दूरचे भाऊ. राणीला फ्रेंचमध्ये 'रेन' म्हणतात. ती लॅटिन 'रेजिना'ची लेक, तशी आपली राणी संस्कृत 'राज्ञी'ची. राज्याला 'रवायोम'. दोन-तीन दिवस जे घोकूनही बसत नव्हते, ते नाते कळताच बसले.

मग एकेक शब्द जोडीने लिहायचा ठरला, कारण फ्रेंचमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते आणि त्याप्रमाणे आधी 'ल' किंवा 'ला' लागते. ल प्रँस, ला प्रँसेस. ल द्यूक, ला द्यूशेस. सम्राट 'आंपरर', सम्राज्ञी 'अँपेरात्रिस'. मराठीत तीन लिंगे आहेत, उर्दूत फ्रेंचसारखी दोनच. तरी लिंगे सगळीकडे जुळत नाहीत. तख्त उर्दूत पुल्लिंगी आणि त्रोनही पुल्लिंगी, इथे जमले. ताज पुल्लिंगी, पण मुकुटाचा 'कूरॉन' स्त्रीलिंगी. सल्तनत स्त्रीलिंगी, तर रवायोम पुल्लिंगी. जिथे जुळत नाही तिथे लाल पेन्सिलीची खूण केली. लाल खुणा फारशा झाल्या नाहीत आणि तेवढ्याच वेगळ्या पाठ केल्या.

फ्रेंचची आणखी एक खोड म्हणजे लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे. 'कोंत' असा उच्चार करा. त्याचा अर्थ एक सरदारी पदवी होतो, हिशेबही होतो आणि गोष्टही होते. लिहिताना मात्र तिन्ही वेगळे. पदवीत एम आहे, हिशेबात एम आणि पी दोन्ही आहेत, गोष्टीत एन आहे. चाचणीत लेकीने सरदाराच्या जागी हिशेब लिहिला होता. दादींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "तुझ्या दादाजींच्या वहीतही हिशेबात गोष्टी आहेतच."

राजा घरचा, कचेरी परक्याची

इथपर्यंत शब्दांची पाठांतरे होती. पुढे लेकीने एक प्रश्न विचारला आणि आमच्यातल्या इतिहासवाल्याला काम मिळाले. तिने पाहिले होते की इंग्रजीच्या रकान्यात बहुतेक शब्द फ्रेंचच दिसतात. प्रिन्स, प्रिन्सेस, ड्यूक, क्राउन, कोर्ट, पॅलेस, रॉयल हे सगळे तिकडचे. फक्त किंग आणि क्वीन वेगळे. असे का?

कारण १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर काही शतके तिथल्या दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच होती. दरबार, मुकुट, मंत्री, न्यायालय यांचे शब्द वरून खाली झिरपले. राजा आणि राणी मात्र लोकांच्या तोंडी आधीपासून होते, ते तसेच राहिले.

हे ऐकून ती म्हणाली, "आपल्याकडेही असेच आहे की!" तिने खरोखर नेमके पकडले होते. मराठीत राजा-राणी घरचे. पण सरकार, दरबार, हुकूम, जिल्हा, तहसील, वकील, जमीन, महसूल हे सारे फारसी-अरबीतून आलेले. सातबारा काढायला तलाठ्याकडे जाणारा शेतकरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हेच शब्द बोलतो.

आमच्या खानदेशात तर हे शब्द नावांतच विणलेले आहेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तापीकाठच्या थाळनेरला फारुकी घराण्याचे राज्य उभे राहिले. थाळनेर आज धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात आहे आणि तिथे फारुकींच्या कबरी आजही पाहता येतात. या घराण्याच्या संस्थापकाचे नाव मलिक राजा. मलिक म्हणजे अरबीत राजा. दिल्लीच्या सल्तनतीत ती सरदारांची पदवी होती. म्हणजे त्यांच्या नावात एकच शब्द दोन भाषांत शेजारी बसला आहे. त्यांचे पुत्र नासिर खान यांनी बुऱ्हाणपूर वसवले. पुढच्या फारुकी राजांना खान म्हणत, आणि खानांचा देश तो खानदेश अशी एक व्युत्पत्ती सांगतात. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि हे राज्य संपले. अकबराने आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून प्रांताला 'दानदेश' हे नाव दिले. राजाने हुकूम केला, पण लोकांच्या तोंडी ते टिकले नाही. खानदेश खानदेशच राहिला.

आमच्या गावाचे नावही असेच. नासिर म्हणजे मदत करणारा, आबाद म्हणजे वसलेले. बोलता बोलता नासिराबादचे नशिराबाद झाले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तर जळगाव ज्यात येते तो तालुकाच नसिराबाद या नावाने दिला आहे. लेकीला हे नवीन होते. तिला पुण्यात गाव विचारले की ती 'जळगावजवळ' एवढेच सांगत असे.

साडेतीनशे वर्षांपूर्वीची शब्दांची वही

राज्यकारभाराचे शब्द जमवून वही करण्याचे काम महाराष्ट्रात फार पूर्वी झाले आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याच काळात त्यांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी 'राजव्यवहारकोश' रचला. कारभारात रूढ असलेल्या फारसी, अरबी व दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. शब्द सुमारे चौदाशे, आणि ते दहा वर्गांत वाटलेले: राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे. पण्यवर्ग म्हणजे बाजाराचे शब्द.

नव्या राज्याला आपल्या कारभारासाठी आपले शब्द हवे होते, आणि त्यातले कितीतरी आज आपण रोज वापरतो. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. मंत्रालयातले सचिव त्याच वाटेने आले. पण पेशव्याचा मुख्य प्रधान केला तरी पेशवा हा फारसी शब्द हटला नाही. पुढे तर त्याच नावाने एक काळ ओळखला गेला. कोश झाला, नवे शब्द आले, जुनेही राहिले आणि मराठी दोन्हींनी श्रीमंत झाली. फारसी शब्द परके म्हणून काढा असे कुणी म्हटले, किंवा संस्कृत शब्द आमचे नाहीत असे कुणी म्हटले, तर लेकरांना ही गोष्ट सांगावी.

आम्हाला या कोशाचा एक उपयोग लगेच झाला. लेकीने तीस शब्द एकाखाली एक घोकले होते. कोशासारखे वर्ग पाडल्यावर ते सोपे झाले. माणसे एका पानावर: राजा, राणी, राजपुत्र, सरदार, घोडेस्वार. जागा दुसऱ्यावर: राज्य, दरबार म्हणजे 'कूर', गढी किंवा वाडा म्हणजे 'शातो'. वस्तू तिसऱ्यावर: मुकुट, सिंहासन. आणि प्रजा चौथ्या पानावर.

तीन पाने भरली तेव्हा एका फ्रेंच पाहुण्याची आठवण निघाली. झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये हा जवाहिऱ्या सतराव्या शतकात सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे याच मुलखातून गेला. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात नवापूर, थाळनेर, चोपडा ही आपली गावे फ्रेंच कानाला ऐकू आली तशी लिहिलेली आहेत. थाळनेरचे झाले 'तालनेर', चोपड्याचे 'शूप्र'. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो हेही त्याने नोंदवले. याच माणसाने पुढे फ्रान्सच्या चौदाव्या लुईला हिरे विकले. आपल्याकडचे शब्दही तिकडे पोचलेच: सुलतान, वजीर, अमीर. नवाबाचा फ्रेंचमध्ये 'नाबाब' झाला आणि त्याचा अर्थ झाला गडगंज पैसेवाला. तोही आपली नावे चुकीचीच उच्चारत होता, तरी प्रवास थांबवून परत गेला नाही. हे लेकीला ऐकवले तेव्हा ती पहिल्यांदा आपल्या वर्गातल्या फजितीवर हसली.

प्रजेचे पान

चौथ्या पानावर दोनच शब्द होते, पण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला.

राजाच्या प्रजाजनाला फ्रेंचमध्ये 'स्यूजे' म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'खाली टाकलेला' असा अर्थ आहे. दादींनी उर्दूच्या रकान्यात लिहिले 'रिआया'. मराठीत आम्ही लिहिले 'रयत'. दोन्ही एकाच अरबी शब्दाची रूपे, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे राखायचा कळप. राखणारा तो राई. दादींना लगेच ती प्रसिद्ध हदीस आठवली. तिचा आशय असा, की तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि ज्यांची राखण त्याच्याकडे सोपवली आहे त्यांच्याबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. हाकिम आपल्या लोकांबद्दल, माणूस आपल्या घराबद्दल. तिथे मूळ अरबीत हाच रयतीचा शब्द आहे. म्हणजे 'स्यूजे'त खाली कोण आहे ते सांगितले आहे, तर 'रयत'मध्ये वर बसलेल्याची जबाबदारी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये गोरगरिबांच्या शिक्षणासाठी संस्था काढली तिचे नाव 'रयत' ठेवले, ते किती योग्य होते!

दुसरा शब्द 'सितवायँ', म्हणजे नागरिक. फ्रान्समध्ये १७८९ साली क्रांती झाली. १७९१ च्या राज्यघटनेत राजाची पदवी 'फ्रान्सचा राजा' न राहता 'फ्रेंचांचा राजा' झाली. मुलूख त्याच्या मालकीचा नाही, लोकांनी त्याला राजा मानले आहे, एवढा फरक त्या एका शब्दात होता. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाहीच संपली आणि लोक एकमेकांना 'सितवायँ' म्हणून हाक मारू लागले. आपल्याकडे १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली आणि रयतेचे नागरिक झाले. संस्थानिकांचे तनखे व पदव्यांची मान्यता १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेली.

आता या शब्दाची घडण पाहा. 'सितवायँ'मध्ये शहर आहे, 'नागरिक'मध्ये नगर आहे, आणि उर्दूत नागरिकाला म्हणतात 'शहरी'. तिन्ही भाषांनी एकच विचार केला.

"मग गावातल्यांनी काय करायचे?" दादींनी विचारले.

"दादी, आता नशिराबादला नगरपरिषद झाली आहे," नात म्हणाली. "पण नसती झाली तरी तुम्ही शहरीच!"

शह बसला, मात नाही

सुट्टी संपत आली तेव्हा लेकीने उत्तरपत्रिकेवरचा शेरा दाखवला, जो तोवर लपवला होता. शिक्षिकेने फ्रेंचमध्ये एकच शब्द लिहिला होता: 'एशेक', म्हणजे अपयश. आम्ही शब्दकोश काढला. या शब्दाचा दुसरा अर्थ आहे बुद्धिबळातला शह, आणि तो मुळात फारसी 'शाह' याच शब्दाचे फ्रेंच रूप आहे. शहमात झाली की तिकडे म्हणतात 'एशेक ए मात'. मातसुद्धा आपलीच!

"म्हणजे बाईंनी फक्त शह दिला आहे," आम्ही म्हणालो. "शह बसला की राजा हलवायचा असतो, पट उधळायचा नसतो."

दुसऱ्या चाचणीत तिला वीसपैकी चौदा गुण पडले. 'द्यूक'चा ऊ अजून चुकतो. फोनवर दादी तिच्याकडून रोज पाच शब्द उर्दूत म्हणवून घेतात आणि उर्दूचा रकाना लिहून त्याचा फोटो पाठवायला लावतात. कधी नुक्ता राहिला की रागावतात.

ज्या घरांत मुले नवी भाषा शिकत आहेत, इंग्रजी असो, फ्रेंच असो, अरबी असो की कन्नड, त्यांना आमच्या अनुभवावरून एवढेच सांगावेसे वाटते. शब्दांची यादी एकट्या मुलाच्या हातात देऊ नका. वहीत घरातल्या भाषांचे रकाने ठेवा. शब्द वर्गवार लावा: माणसे, जागा, वस्तू. जे जुळते ते आधी शिकवा, जे जुळत नाही त्यावर लाल खूण करा. उच्चार अडला तर घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकवा. त्यांना ती भाषा येत नसेल, पण त्यांच्या गळ्यात तो आवाज असू शकतो. आणि नवी भाषा घेताना जुनी सोडावीच लागते, हे आम्ही प्रवेशाच्या अर्जावर सही करताना मानून चाललो होतो. अर्जावर रकाना एकच असतो. घरी तसे बंधन नाही.

पुण्याला निघताना लेकीने बॅग भरली, चार रकान्यांची वही वर ठेवली. मग दादींच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. एसटीची वेळ होत आली म्हणून आम्ही हाक मारली. ती आली तेव्हा तिच्या हातात दादाजींची एक हिशेबाची वही होती, जुन्या रुमालात बांधलेली.

दादींनी ती आपल्या हाताने दिली होती.